सूरच्या वाटेवर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस नववीच्या मुलांना घेऊन आम्ही राजहंसगडावर गेलो होतो. येळ्ळूरच्या मुलांना गडाची नवलाई ती काय असणार? लहानपणापासून गडाच्या अंगाखांद्यावर खेळलेली ती मुले. पण त्या दिवशी खाली भाताची खाचरे पोटरीला आली होती, पश्चिमेकडून सह्याद्रीच्या रांगेवरून ओलसर वारा सुटला होता, आणि तटावर उभे राहिल्यावर वर्गातली अखंड बोलणारी मंडळीही क्षणभर गप्प झाली. इतक्यात एकाने विचारले, "काय ओ सर, इथनं समुद्र दिसत नाही काय?"

आम्ही म्हणालो, "नाही रे. त्या डोंगरांपलीकडे गोवा, आणि गोव्यापलीकडे समुद्र."

"आणि समुद्राच्या पलीकडं?"

"मस्कत," असे आमच्या तोंडून निघून गेले. झाले! मुलांनी आम्हांला वेढाच घातला. "सर, तुम्ही तिथं होता की! तिथलं सांगा की ओ!" आम्ही उंट सांगितले, खजूर सांगितला, जूनमधल्या उन्हाची हकीकत तर थोडी तिखटमीठ लावूनच सांगितली. मुले खूश झाली. पण घरी परतताना मनाला एक गोष्ट टोचत राहिली. चार वर्षांच्या परदेशवासात सांगण्याजोगे जे एकच होते, ते आम्ही सांगितलेच नव्हते. ते आज या वार्षिकांकाच्या निमित्ताने लिहितो.

प्रारंभीच एक खुलासा करून ठेवलेला बरा. लेखात 'आम्ही' दिसले की आमच्या वर्गातले काही चाणाक्ष विद्यार्थी "सर, आम्ही म्हणजे नक्की किती जण?" असे विचारतात. येथे 'आम्ही' म्हणजे प्रस्तुत लेखक, आणि तोही एकटाच. मात्र ज्या प्रवासाची ही कथा आहे, त्या प्रवासात शेजारी एक स्नेही होते आणि गाडी तेच हाकीत होते.

आमचे मूळ गाव माजाळी. कारवारच्या काळी नदीच्या उत्तरेस, गोव्याच्या सीमेला अगदी खेटून ते वसले आहे. १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगिजांचे राज्य होते. म्हणजे आमच्या आजोबांच्या काळी परदेश हा चालत जाण्याच्या अंतरावर होता. घरात कोकणी, शाळेत मराठी, कचेरीत कानडी अशा तीन भाषांच्या तिवाठ्यावर आमचे बालपण गेले. पुढे शिक्षणासाठी बेळगावास आलो, कला शाखेची पदवी घेतली, शिक्षकाची परीक्षाही उत्तीर्ण झालो. पण कायमची नोकरी काही हाती लागेना. घरावर कर्ज होते. तेव्हा २०१५ साली, मस्कतच्या एका भारतीय शाळेत हिंदी शिकवण्याचे काम मिळताच आम्ही विमानात बसलो.

तिकडे शिक्षकाला 'उस्ताद' म्हणतात. पहिल्या दिवशी शाळेच्या द्वारपालाने "या उस्ताद" अशी हाक मारली, तेव्हा आम्ही मागे वळून पाहिले. आमच्या या भागात वस्ताद म्हणजे तालमीतला, मातीत पोरांना घोळवणारा, कमावलेल्या मानेचा पुरुष. आमची मान आणि आमचे दंड पाहता ही पदवी आम्हांला शोभण्यासारखी नव्हती. पण हळूहळू तिचीही सवय झाली.

ज्या स्नेह्यांचा वर उल्लेख केला, ते त्याच शाळेत 'मंदूब' होते. मंदूब म्हणजे प्रतिनिधी. परदेशी नोकरांचे परवाने, ओळखपत्रे, शिक्के, सह्या, असली सरकारदरबारची सारी कामे मंदूब करतो. हे गृहस्थ ओमानचेच, सूर नावाच्या बंदरचे, वयाने चाळिशीच्या आतले. हिंदी छान बोलत. आम्ही त्यांना मंदूबसाहेब म्हणत असू आणि ते आम्हांला उस्ताद. आमची पहिली भेट शाळेच्या एका नमुन्यापुढे झाली. नाव, वय, शिक्षण असे रकाने भरीत ते 'मातृभाषा' या शब्दापाशी थांबले आणि त्यांनी आमच्याकडे पाहिले.

आम्हीही थांबलो. कोकणी म्हणावे, तर ती कोठे बोलतात हे सांगावे लागणार. गोव्यात म्हणावे, तर आम्ही गोव्याचे नव्हे. कर्नाटकातले म्हणावे, तर मग कानडी का नाही? आणि शिक्षण मराठीतून कसे? एवढी वंशावळ उभ्या उभ्या कोण सांगणार? आम्ही म्हणालो, "हिंदी." त्यांनी 'हिंदी' लिहिले. पुढे बोलण्याच्या ओघात आम्ही त्यांना त्यांची मातृभाषा विचारली. तेही किंचित थांबले आणि म्हणाले, "अरबी. दुसरी काय असणार?"

असो. २०१८चा डिसेंबर आला. आमचा करार मार्चमध्ये संपत होता आणि तो पुढे तीन वर्षे वाढवायचा की नाही, याचे उत्तर रविवारी द्यायचे होते. तिकडे आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. आमचा उतरलेला चेहरा पाहून मंदूबसाहेब गुरुवारी संध्याकाळी म्हणाले, "उस्ताद, घरात बसून विचार करणारा माणूस भिंतीचाच सल्ला घेतो. उद्या मी सूरला आईकडे निघालो आहे. चला."

शुक्रवारी पहाटेच आम्ही निघालो. जुन्या मस्कतच्या बंदरावर मिरानी आणि जलाली असे दोन किल्ले खडकांवर समोरासमोर उभे आहेत. १५०७ ते १६५० पर्यंत हे बंदर पोर्तुगिजांच्या ताब्यात होते, आणि त्या किल्ल्यांच्या भिंती पाहिल्या की आग्वादची आठवण होते. शहर सुटले, उघडाबोडका घाट लागला, आणि कुरय्यात नावाच्या मासेमारीच्या गावापाशी समुद्र डाव्या हाताला आला, तो पुढे सूरपर्यंत आमच्या सोबतीस राहिला. उजव्या हाताला डोंगर. त्यांवर झाड नाही, झुडूप नाही, गवताचे पाते नाही. विटेच्या रंगाचा तो नुसता दगड! समुद्र म्हटला की माड, आणि डोंगर म्हटला की रान, अशी ज्याच्या मनाची घडण, त्या कारवारी माणसाला हे दृश्य प्रथम पाहताना काही तरी विसरल्यासारखे वाटते. डोंगरांतून 'वादी' म्हणजे कोरडी नदीपात्रे उतरतात. बारमास कोरडी, पण जून २००७ मध्ये गोनू नावाचे चक्रीवादळ आले, तेव्हा याच वाद्यांनी रस्ते, पूल आणि घरे समुद्रात नेली. मंदूबसाहेब एकेक वादी दाखवीत आणि तिने काय काय नेले ते सांगत.

सूर्य नुकता वर आला होता. आम्ही पाहत राहिलो. चार वर्षे तेथे राहूनही एक गोष्ट आमच्या ध्यानी आली नव्हती. आमच्या माजाळीस सूर्य समुद्रात बुडतो. येथे तो समुद्रातून वर येत होता. समुद्र तोच. आजवर आम्ही त्याचा एकच काठ पाहिला होता, इतकेच.

कुरय्यात मागे पडले आणि मंदूबसाहेबांचा फोन वाजला. गाडीतल्या ध्वनिक्षेपकातून एका स्त्रीचा आवाज आला. त्यांनी "मामा!" असे म्हणून बोलण्यास आरंभ केला. पाच-सात मिनिटे संभाषण चालले. आम्हांला अरबी फारसे येत नसले तरी चार वर्षांत कानाला तिचे वळण परिचित झाले होते. हे वळण तसे नव्हते. बोलणे नाचत होते, प्रत्येक शब्द स्वरावर येऊन टेकत होता. आणि मधूनच 'गारी', 'पेसा', 'चपाती' असे ओळखीचे शब्द रस्त्यात गाववाले भेटावेत तसे भेटत होते. फोन संपल्यावर आम्ही सभ्यपणे विचारले, "तुमचे मामा बरे आहेत ना?"

ते हसत सुटले. "उस्ताद, मामा म्हणजे आई!"

"कोणत्या अरबीत?"

त्यांचे हसू ओसरले. बराच वेळ ते रस्त्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "ही अरबी नव्हे. ही सवाहिली. माझ्या घरची भाषा."

मग त्यांनी सांगितले ते असे. एकोणिसाव्या शतकात ओमानच्या सुलतानांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांझिबार बेटावर आपली राजधानी नेली होती. लवंगेच्या बागांसाठी आणि व्यापारासाठी ओमानची हजारो माणसे तेथे गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथलीच झाली. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, अरबांची कत्तल झाली, जे वाचले त्यांतील पुष्कळांना बेट सोडावे लागले. १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आल्यानंतर त्यांतली अनेक कुटुंबे पूर्वजांच्या देशी परतली. मंदूबसाहेबांच्या मातोश्री तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. रक्ताने त्या अरब. पण त्यांना अरबी येत नव्हते. लग्न होऊन सूरला आल्या, अरबी शिकल्या. पण मुलांशी मात्र त्या सवाहिलीच बोलत.

"शाळेत मुले मला झांझिबारी म्हणून चिडवीत," मंदूबसाहेब म्हणाले. "आईचे अरबी मोडके होते. एकदा मी तिला सांगितले की तू शाळेत येऊ नकोस. ती पुन्हा आली नाही." एवढे बोलून त्यांनी गाडीचा वेग उगाचच वाढवला.

वातावरण हलके व्हावे म्हणून आम्ही त्यांना सवाहिलीतली नाती विचारली. येळ्ळूरच्या बाळगोपाळांनो, आता सावध होऊन वाचा. सवाहिलीत मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ, आणि दादा म्हणजे चक्क बहीण! बाबा मात्र बाबाच. आमच्या घरातली सारी नाती कोणी खोडकर पोराने एका परडीत घालून हलवावीत आणि हाताला येतील तशी वाटावीत, तसा हा प्रकार. पुढे आम्ही शब्दांचा खेळच मांडला. मेजाला ते मेझा म्हणतात. पोर्तुगिजांनी तो शब्द आमच्या कोकणीत टाकला तसाच त्यांच्याकडेही टाकला. पेरू तिकडे 'पेरा'. आमच्या घरी 'पेर'. विम्याला बीमा, लाखाला लाकी, कोशिंबिरीला कचुंबारी. हे शब्द तर हिंदुस्थानी व्यापाऱ्यांच्या गाठोड्यातून गेलेले. सफारी आणि आमची सफर एकाच अरबी शब्दाच्या लेकी. ज्या वाऱ्यावर ही सारी गलबते जात-येत, त्याला अरब 'मौसिम' म्हणतात. आमचा मोसम तोच, आणि मोसमी वाराही तोच.

हा खेळ रंगात आला असतानाच आमचा फोन वाजला. माजाळीहून आई बोलत होती. तिकडे घड्याळ दीड तास पुढे. तिची जेवणे आटोपली असावीत.

"जेवलो रे पुता? आयज नुस्तें मेळ्ळें?"

जेवलास का, आज मासळी मिळाली का, हे तिचे रोजचे दोन प्रश्न. आम्ही सांगितले, "ना गे आवय, अजून वाटेर आसां." मग दारचा माड, शेजारणीची म्हैस, भावाच्या मुलाचा ताप, असे सारे यथासांग झाले. फोन ठेवला, तेव्हा मंदूबसाहेब आमच्याकडे पाहत होते.

"उस्ताद, ही हिंदी नव्हे."

"नव्हे."

"मी तुमच्या नमुन्यात हिंदी लिहिले आहे."

"आम्हीच सांगितले होते."

ते थोडे थांबून म्हणाले, "या भाषेत तुमचा आवाज निराळा आहे. चार वर्षांत मी तो ऐकलाच नव्हता."

त्यांच्या बंदराचे नाव सूर, आणि मराठीत सूर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आम्ही ते त्यांना सांगितलेही नाही. आणखी एक गोष्ट आम्ही त्या दिवशी त्यांना सांगितली नाही. त्यांनी आपल्या आईची हकीकत सांगितली, तेव्हा आपलीही सांगावी असे ओठांवर आले होते, पण धैर्य झाले नाही. ती आज प्रथमच लिहितो.

महाविद्यालयात असताना आम्ही बेळगावात वसतिगृहावर राहत होतो. आमच्या मराठीत कोकणीचा हेल होता आणि मित्र त्याची नक्कल करीत. तो हेल घालवण्यासाठी आम्ही पुष्कळ खटपट केली आणि बऱ्याच अंशी तो घालवलाही. एके दिवशी आई न कळवता आली. रात्रीच्या एस.टी.ने चोर्ल्याच्या घाटातून, मांडीवर सुक्या बांगड्यांचे गाठोडे घेऊन. खोलीत चार मित्र बसले होते. ती दारातूनच कोकणीत बोलू लागली, आणि आम्ही तिला मराठीत उत्तर दिले. स्वच्छ, पुस्तकी, बिनहेलाच्या मराठीत! तिने एकदा आमच्याकडे पाहिले, एकदा त्या मित्रांकडे. मग जड जिभेने, शब्द जुळवीत तीही मराठीत बोलू लागली. गाठोडे तिने कोपऱ्यात ठेवले आणि दुपारच्या गाडीने परत गेली. त्या दिवसापासून चारचौघांसमक्ष आई आमच्याशी कोकणीत कधी बोलली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. ती रागावली नाही. तिने आपली सोय पाहावी तशी आमची सोय पाहिली.

असो. वाटेत बिम्मा येथे जमिनीत एक प्रचंड खड्डा आहे आणि त्यात निळेहिरवे पाणी भरले आहे. तेथे तारा कोसळला असे लोक म्हणतात; भूगोलाचे शिक्षक म्हणतील की चुनखडीची जमीन आतून विरघळली आणि वरचे छत खचले. तीवी गावी दुपारची नमाज झाली. मंदूबसाहेब मशिदीत गेले आणि आम्ही केळीच्या आणि खजुरीच्या सावलीत बसून राहिलो. त्यानंतर आले कल्हात.

कल्हात आज एक ओसाड माळ आहे. तेथे उभी आहे ती फक्त बीबी मरियमची समाधी, आणि तिचाही घुमट कोसळला आहे. परंतु एके काळी हुर्मुझच्या राज्याचे हे दुसरे मोठे नगर होते. येथून अरबी घोडे गलबतांत चढत आणि आपल्या किनाऱ्यावर उतरत. विजयनगरच्या फौजेला लागणारे घोडे गोव्याच्या बंदरातून घाट चढून जात, आणि त्या व्यापारासाठीच गोव्याच्या मालकीवरून राज्ये एकमेकांशी लढत. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये गोवा घेतला आणि त्याच मोहिमांत पुढे बेळगावचा किल्लाही जिंकला. म्हणजे आपल्या बेळगावचे नशीब या ओसाड माळावरच्या पागांशी बांधलेले होते! १५०८ मध्ये आल्बुकर्कने कल्हात लुटून जाळले, आणि दोन वर्षांनी, १५१० मध्ये, त्याच माणसाने गोवा घेतला. २०१८ मध्ये, आम्ही गेलो त्याच वर्षी, हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले.

चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता येथे येऊन गेला होता. येथली मासळी त्याला इतकी रुचली की साऱ्या मांसाहून ती त्याला अधिक आवडली, आणि ती ज्या भातावर वाढीत तो तांदूळ हिंदुस्थानातून येई, अशी नोंद त्याने केली आहे. ही नोंद मंदूबसाहेबांना सांगताच ते म्हणाले, "मग लवकर चला. जवळजवळ सातशे वर्षांनी पुन्हा एक हिंदी पाहुणा भाताची वाट पाहतो आहे."

सूरला पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. शांत खाडी, पांढरी घरे, आणि किनाऱ्यावर लाकडी गलबते बांधण्याचा जुना कारखाना. मलबारच्या किनाऱ्यावरचे सागवान येथे येत असे आणि कागदावर एक रेघ न ओढता येथले कारागीर त्याची जहाजे करीत. 'फतह अल-खैर' नावाचे १९५१ मध्ये येथेच बांधलेले मोठे गलबत पाण्याबाहेर जपून ठेवले आहे. ते विकले जाऊन येमेनला गेले होते. सूरच्या लोकांनी वर्गणी काढून १९९३ मध्ये ते परत आणले. (अलीकडे, आपल्या नौदलाचे काथ्याने शिवलेले 'कौंडिण्य' हे शिडाचे जहाज गोव्यात बांधले गेले, मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात आले आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदराहून मस्कतकडे निघाले. ती बातमी वाचताना आम्हांला सूरचा तो किनारा आठवला.)

मंदूबसाहेबांच्या मातोश्री दारातच उभ्या होत्या. "करीबू, करीबू," म्हणजे या, या. बसायला गालिचा, पुढे खजूर आणि वेलदोड्याचा कडू कहवा. पेला हलवून परत दिल्याशिवाय तो पुन्हा पुन्हा भरला जातो, हे चार वर्षांत शिकलो होतो. पण त्या दिवशी पेला हलवायचे विसरलो. कारण आतून एक वास येत होता. ओमानात मासळी भाजतात, तळतात. पण हा वास निराळा होता. ओल्या नारळाचा रस आणि त्यात शिजणारी सुरमई. आम्ही न राहवून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. तेथे एका बुटक्या लाकडी आसनाला दातेरी पाते बसवले होते आणि खाली नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. आमच्या आईची खवणी ती हीच! तिला सवाहिलीत 'म्बुझी' म्हणतात. म्बुझी म्हणजे बकरी. बकरीवर बसून नारळ खवायचा.

जेवण झाले. नारळाच्या रसातला भात, नारळाच्या रसातला मासा, आणि बाजूला कचुंबारी. आमच्या ताटाकडे पाहून मातोश्रींनी मुलाला काही विचारले. ते म्हणाले, "आई विचारते, तुम्ही तुमच्या आईला काय म्हणता?"

आम्ही म्हणालो, "आवय."

त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "आवय. आवय." मग त्या आपल्या भाषेत बराच वेळ बोलल्या. मंदूबसाहेबांनी त्याचे भाषांतर एवढेच केले: "आई म्हणते, अरबीत मला लहानपणच नाही. ते सारे सवाहिलीत राहिले. मुलांशी सवाहिली बोलले नसते, तर मला कधी लहानपण होते हे त्यांना कळलेच नसते."

मुलगा खाली मान घालून ऐकत होता. त्याची आई मात्र आमच्या ताटात आणखी भात वाढीत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही एकटेच समुद्रावर गेलो. पुन्हा तो सूर्य पाण्यातून वर आला. माजाळीला तो कधीच उगवून गेला असेल, आई विहिरीवर असेल, असा हिशेब मनाने केला. वाचकांनी असे समजू नये की तेवढ्या एका सूर्योदयाने आमचा निर्णय झाला. घराचे कर्ज फिटले होते, ही गोष्टही त्यात होती. पण रविवारी नकार कळवताना हात कापला नाही, एवढे खरे. निघण्यापूर्वी आम्ही मंदूबसाहेबांना तो जुना नमुना काढायला लावला. त्यांनी 'हिंदी' या शब्दावर रेघ ओढली आणि विचारले, "कसे लिहू?" आम्ही सांगितले, "कोकणी." त्यांनी अरबी अक्षरांत लिहिले. कोकणी तशी पाच लिप्यांत लिहिली जाते. १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या परिशिष्टातही ती आली. ती अरबी अक्षरांत आमच्यासमोर उतरताना आम्ही प्रथमच पाहिली.

परतल्यावर योगायोगाने येळ्ळूरला आलो आणि येथेच रमलो. आता आम्हीच दर जूनमध्ये प्रवेशाची नोंदवही भरतो. तीतही 'मातृभाषा' असा रकाना आहे. बहुतेक मुले "मराठी" असे ताडकन सांगतात, आणि ते ऐकून आनंद होतो. आमचे स्वतःचे सारे ज्ञान, सारे वाचन मराठीनेच दिले. तिच्या ऋणातून आम्ही मुक्त होऊ इच्छीत नाही. परंतु दोन वर्षांपूर्वी कामासाठी या भागात आलेल्या एका कुटुंबातला मुलगा त्या रकान्यापाशी थांबला. किंचितच थांबला आणि मग "मराठी" म्हणाला. ते थांबणे आमच्या ओळखीचे होते. आम्ही विचारले, "आईशी काय बोलतोस?" तो हळूच म्हणाला, "लमाणी." आम्ही 'लमाणी' लिहिले आणि वही फिरवून त्याला दाखवली. त्या मुलाचे मराठी निबंध आज वर्गात वाचून दाखवण्याजोगे असतात.

गेल्या श्रावणात आई प्रथमच येळ्ळूरला राहायला आली. शेजारच्या चार बायका तिला भेटायला आल्या. ओसरीवर बसून तिने त्यांच्याशी तीच जड, जुळवाजुळवीची मराठी सुरू केली आणि आम्हांलाही पाणी आणायला मराठीतच सांगितले. आम्ही पाण्याचा तांब्या आणला, सर्वांसमक्ष तिच्या शेजारी बसलो आणि कोकणीत म्हणालो, "आवय, थंड लागता गे तुका?"

तिने एकदा आमच्याकडे पाहिले, एकदा त्या बायकांकडे. वीस वर्षांपूर्वी पाहिले होते तसेच. त्या बायका कौतुकाने हसत होत्या. गडाकडून ओलसर वारा येत होता, भाताच्या शेतांवरून लहर सरकत होती. आईने पदर सावरला, वाऱ्याकडे तोंड केले आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"थंड कसली रे पुता? हो वारो दर्याचो!"